कडूमावशीचा तांदुळजा

"बाई, हे कोन खातंय?"

आमच्या कॉलनीत काहीही उपटायच्या आधी कडूमावशी हा प्रश्न विचारायची. विचारायची मला, पण उत्तराची वाट काही बघायची नाही. उकिडवी बसलेली, डाव्या मुठीत रोपट्याची मान, उजव्या हातात खुरपं, आणि तोंडानं निवाडा चालू. माणूस खातं? राहू द्या. शेळी खाती? उपटून बाजूला ठेवा, वॉचमनच्या शेळीला होईल. पाखरू खातं? मग बी धरूस्तोवर हात लावू नका. कोणीच खात नाही असं ठरलं, की त्या रोपट्याची खैर नसायची. गाजरगवत दिसलं की ती पदर हाताला गुंडाळायची, मुळासकट उपटायची आणि वर दोन शिव्या हासडायची. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण गाजरगवताला त्या शोभून दिसायच्या.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. उभा जन्म नववी-दहावीच्या पोरींना एकदल आणि द्विदल शिकवण्यात गेला. गावात उगवणाऱ्या झाडून साऱ्या तणांची लॅटिन नावं मला पाठ होती आणि त्या नावांचा मला भारी तोरा होता. कडूमावशीला शाळा माहीत नव्हती. तिला प्रत्येक पाल्याची चव माहीत होती. आता मागं वळून बघते तेव्हा कळतं की आम्हा दोघींत खरी शिकलेली कोण होती. तेव्हा कळायचं नाही. तेव्हा मी शहाणी होते ना.

आमची कॉलनी शिक्षकांची. वीस-बावीस बैठी घरं, आणि मधोमध एक मोकळी जागा. तिला सगळे ओपन स्पेस म्हणायचे आणि सगळे तिथं कचरा टाकायचे. औरंगाबादचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, रात्रीतून टँकर यायचे दिवस अजून लांब होते, आणि कॉलनीत फोन फक्त दोन घरांत. त्या ओपन स्पेसची बाग करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. गुलाबाचे वाफे, कडेनं मेंदी, मध्ये हिरवळ. खुरपायला बाई पाहिजे म्हणून वॉचमननं कडूबाईला आणलं. बारीक चणीची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नऊवारीचा काष्टा असा घट्ट की दिवसभर उठबस केली तरी सुटायचा नाही.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. संध्याकाळी येऊन बघते तर गुलाबाच्या वाफ्यात तांदुळजा जसाच्या तसा उभा. मी म्हणाले, मावशी, हे काय खुरपणं झालं? ती शांतपणे म्हणाली की तो अजून कवळा आहे, उद्या तोडायला येईल. मी तिला समजावून सांगितलं की हे तण आहे, ते गुलाबाचं अन्न खातं. ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं काही गुलाब आम्ही खाणार आहोत. दुसऱ्या दिवशी तिनं वाफा स्वच्छ केला, तांदुळजा ओटीत भरून घरी नेला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा ठेवला. आत लसणाची फोडणी दिलेली भाजी आणि दीड भाकरी. मी उभ्या उभ्या चाखायला म्हणून घेतली आणि पायरीवर बसून संपवली. त्यानंतर गुलाबाच्या बाजूनं मी कधी भांडले नाही.

तिचं नाव कडू का, हे मी तिला ओळख झाल्यावर विचारलं. तिच्या आधीची दोन भावंडं गेली होती. हिचा घास तरी मरणाला कडू लागावा म्हणून आईनं हे नाव ठेवलं. आमच्याकडं असल्या कडूबाई गावोगाव सापडतील. वय विचारलं की म्हणायची, पोलीस ॲक्शन झालं तवा मी रांगत व्हते. अठ्ठेचाळीस सालापुढचं गणित ज्याचं त्यानं करावं.

तणांना तिनं आपल्या सासरची नावं ठेवली होती. लवाळा म्हणजे तिचा धाकटा दीर. कितीही हाकला, जमिनीखाली कुठंतरी गाठ ठेवून जातो आणि चार दिवसांनी वाटा मागायला हजर. हरळी म्हणजे नणंद, कारण ती एका जागी कधी बसत नाही. आघाडा म्हणजे मामंजी, जाता-येता लुगड्याला चिकटणारे. सासूचं नाव मात्र तिनं कोणत्याच तणाला दिलं नव्हतं. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "म्हातारी लई गुणाची व्हती. तिनंच तर मला भाज्या वळखायला शिकवल्या." नवरा लवकर गेला, दिरानं वाटा दिला नाही, आणि मुलीला कडेवर घेऊन ही बाई शहरात आली. ती लवाळ्याच्या गाठी खणून काढताना इतकी जीव तोडून का खणायची, ते मला त्या दिवशी समजलं.

एकदा मी तिला रबरी हातमोजे आणून दिले. गाजरगवतानं तिच्या मनगटावर पुरळ उठायचा, तो मला बघवायचा नाही. तिनं ते डोळ्यांना लावून घेतले आणि चार दिवस ते दिसलेच नाहीत. मग एके सकाळी त्यातला एक घेऊन आली, तर प्रत्येक बोटात वेगळं बी. अंगठ्यात भोपळ्याचं, मग दोडक्याचं, कारल्याचं, वालाचं, आणि करंगळीत तांबड्या माठाचं. पाचही बोटांची तोंडं दोऱ्यानं बांधलेली. म्हणाली, चीज लई कामाची हाय बाई, हिच्यात बी भिजत नाय.

माझ्या शेजारी सईदाभाभी राहायच्या. त्यांचे मियाँ उर्दू शाळेत मास्तर. कडूमावशीची खरी गट्टी जमली ती भाभींशी. भाभी मराठीत सुरू करायच्या आणि दखनीत संपवायच्या, मावशी उलट. घोळ नावाची ती रसरशीत जाड पानांची भाजी ओपन स्पेसमध्ये हापशाच्या ओलीवर गच्च माजायची. भाभी तिला खुल्फा म्हणायच्या. डाळीत घातलेला त्यांचा खुल्फा एकदा खाल्ला की माणूस दुसऱ्या दिवशी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या दारात जायचं. मीही जायचे.

मावशीचा एक नेम होता. दिवसाचं खुरपणं झालं की ओटी भरलेली असायची, आणि ती घरी जाताना वाटेवरच्या चार दारांत थांबायची. ज्या घरी कोणी आजारी, कोणी पोटुशी, कोणाकडं पाहुणे, तिथं आधी. उरलेलं तिचं. ही भाजी तिनं कधी कोणाला विकली नाही. मी एकदा म्हणाले की बाजारात बसलात तर चांगला भाव येईल. ती म्हणाली, "म्या कुठं पेरली? जी आपुन पेरली नाय ती इकायची कशी?" 

आता मी काय केलं ते सांगते. टाळत होते, पण सांगायला तर हवं.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात मावशीची लेक सुमन बाळंत झाली. दुसरी खेप म्हणून सासरीच, बिडकीनला. मावशी निघाली आणि जाताना म्हणाली की महिना-सवा महिना काही येत नाही. आठ दिवसांत लवाळ्यानं माझ्या हिरवळीचा ताबा घेतला. दुसरी बाई मिळेना. त्यात कॉलनीच्या अध्यक्षांच्या मुलीचा साखरपुडा त्याच हिरवळीवर व्हायचा ठरला होता, आणि अध्यक्ष मला रोज दारावरून जाताना बागेची प्रकृती विचारायचे. माझा स्वभाव असा की कोणी हसून टोचलं की माझं डोकं फिरतं. मी तडक जुन्या मोंढ्यात गेले आणि एका दुकानातून तणनाशकाचा पांढरा डबा घेऊन आले.

दुकानदार म्हणाला, मॅडम, माणसाला याचं काही होत नाही, हे फक्त झाडाला कळतं. आणि मी मान डोलावली. वर त्यालाच समजावून सांगितलं की वनस्पतीच्या पेशीत एक विशिष्ट क्रिया चालते, ती माणसात नसते, म्हणून असं होतं. तो बिचारा हात जोडून ऐकत होता. डब्याला चिकटवलेली घडीची पत्रिका मी उघडलीसुद्धा नाही. पोरींना मी दरवर्षी सांगायचे की प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा.

फवारणी मी स्वतः केली. दोष ढकलायला दुसरा कोणी नाही. वॉचमननं कुठूनतरी पाठीवरचा पंप आणून दिला. मी नवऱ्याचा जुना रेनकोट घातला, नाकाला रुमाल बांधला आणि रविवारी भरदुपारी झाकणानं मापून औषध पाण्यात ओतलं. वारा सुटला होता. तुषार उडून भाभींच्या कुंपणाकडं जात होते ते मला दिसत होतं. मी म्हटलं, थेंबभर उडालं तर काय होतंय. पंप धुतला तो हापशावर. कॉलनीतली निम्मी घरं त्या हापशाचं पाणी प्यायची. तो पंप मी तिथं धुतला, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

हे औषध लगेच दिसत नाही, ही त्यातली मेख. आज मारलं तर तण उद्याही हिरवंगार, परवाही हिरवंगार. आठवड्यानं पिवळं पडायला लागतं. कोणी नवखा माणूस आला तर त्याला वाटावं, काय तजेलदार पालवी आहे.

मंगळवारी मी शाळेतून साडेचारला घरी आले. भाभी कुंपणाशी उभ्या होत्या, खुशीत. म्हणाल्या, कडूआपा सकाळी येऊन गेल्या. बिडकीनहून खास आल्या होत्या. पोरीला दूध कमी पडतंय, बाळंतिणीला तांदुळजा हवा म्हणून. ओटी भरून घेऊन गेल्या, आणि जाताना मला खुल्फा देऊन गेल्या, स्टोव्हवर डाळ चढवली आहे, तुम्हीही जेवायला या.

 मी पर्स कुठं टाकली मला आठवत नाही. भाभींच्या स्वयंपाकघरात चपलांसकट घुसले, स्टोव्ह बंद केला आणि ते पातेलं उचलून मोरीत पालथं केलं. भाभी हातात पळी घेऊन बघत राहिल्या. त्यांना कसंबसं सांगितलं. त्यांनी पळी खाली ठेवली. एवढंच म्हणाल्या, "लेकिन आपा तो बच्ची के वास्ते ले गए, बाई."

फोन करायला तिकडं फोन नव्हता. भाभींनी बुरखा घातला, मी डब्याची पत्रिका फाडून घेतली, आणि आम्ही दोघी पैठण रस्त्याला जाऊन बिडकीनच्या जीपमध्ये बसलो. जीप भरल्याशिवाय निघत नाही. अजून तीन माणसं यायची होती. मी ड्रायव्हरला म्हणाले, बाबा, तीन माणसांचं भाडं मी देते, तू फक्त चल. वाटेत ती पत्रिका उघडून वाचली. मुंग्यांएवढी अक्षरं. वारा असताना फवारू नये. पाण्याच्या जागेजवळ पंप धुऊ नये. फवारलेल्या ठिकाणी जनावरं चरू देऊ नयेत. सगळं छापलेलं होतं. माणसं चरतात, हे मात्र पत्रिका लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं. भाभी शेजारी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी देवधर्म करणारी नाही, पण त्या दिवशी त्यांच्या पुटपुटण्यात मीही सामील होते.

बिडकीनला उतरलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. बाजारामागच्या आळीत कडूबाईची लेक सुमन, एवढ्या पत्त्यावर घर सापडलं. दारातूनच दिसलं. सुमन बाजेवर बसलेली, शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू, आणि पुढ्यात ताट. तिनं भाकरीचा तुकडा मोडला होता.  भाभी माझ्या अंगावरून पुढं गेल्या आणि त्यांनी पोरीच्या हातातला घास काढून घेतला. घास आणि ताट, दोन्ही.

चुलीपाशी बसलेली मावशी उठून उभी राहिली. मी सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही. रविवारी औषध मारलं, त्याच तांदुळज्यावर मारलं, मीच मारलं.

"तुमच्या बागंत?" ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

"इथं समद्या शिवारात कापसाच्या पऱ्हाटीला फवारत्यात, बाई. बांधावरची भाजी बी खायची नाय म्हून जावई म्हनला. म्हून म्या तुमच्या बागंत आले."

आवाज चढवला नाही की रडली नाही. मला वाटतं तिनं चार लोकांत माझे वाभाडे काढले असते तर मला बरं वाटलं असतं. तिनं ताट घेतलं, चुलीवरचं कालवण घेतलं, निवडून टाकलेले देठही गोळा केले, आणि परसात जाऊन हातभर खोल खड्डा खणला. सगळं त्यात पुरलं. वर माती दाबली आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून त्यावर दगड ठेवला. हात तीनदा धुतले. मग उंबऱ्यात बसून म्हणाली की सुमननं खाल्ली नाही, तिचा तो पहिलाच घास होता. आणि थोडं थांबून, दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं, म्हणाली की दुपारी तिनं स्वतः भाकरीबरोबर खाल्ली. बाळंतिणीला द्यायच्या आधी आपण खाऊन बघायची, असा तिचा नेम होता.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते हे आमचं नशीब. त्यांनी पत्रिका दिव्याखाली धरून वाचली, मावशीला तपासलं, आणि म्हणाले की पोटात गेलंय ते थोडं असावं, घाबरू नका, पण लक्ष ठेवा. आम्ही दोघी तिथंच राहिलो. मावशीला उलट्या झाल्या, पोट दुखलं, दोन दिवस तोंड आलेलं होतं. ते औषधानं की धसक्यानं की दुसऱ्याच कशानं, डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येईना. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मलाही ते सांगता येत नाही. पण ती परसात वाकून ओकत होती आणि मी तिची पाठ धरून उभी होते, तेव्हा मला पुराव्याची गरज वाटत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं भाभींकडं चहा मागितला, बशीत ओतून फुर्रकन प्यायली, आणि मला म्हणाली, आता घरी जा बाई, तुमच्या पोरींची शाळा बुडतीय. तेव्हा कुठं मी रडले.

महिन्याभरानं ती कामावर आली. ओपन स्पेस तोवर वाळल्या पेंढ्याच्या रंगाची झाली होती. गुलाबांची पानं आखडून दोऱ्यासारखी झालेली. भाभींच्या कुंपणाची मेंदी एका बाजूनं करपली होती, आणि त्यांचा मोगरा गेला तो गेलाच. त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दानं टोकलं नाही, त्यामुळं मी तो मोगरा विसरू शकत नाही. गवताचं बी टिपायला येणाऱ्या बारक्या मुनियांचे थवे त्या वर्षी फिरकले नाहीत. हापशाचं पाणी पिऊ नका म्हणून मी घरोघर सांगत फिरले होते, आणि अध्यक्षांनी साखरपुडा कार्यालयात केला. त्या सगळ्या उजाड रानात एकच गोष्ट हिरवीगार वर आली होती. लवाळा. मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आला का भाड्या." त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले.

मग तिनं विचारलं की डब्यात उरलंय ते कुठं आहे. उरलं होतं अर्ध्याच्या वर. मी तो डबा दुकानदाराकडं परत नेला होता, त्यानं हात वर केले. वॉचमनला तो रिकामा करून रॉकेलसाठी हवा होता, त्याच्यावर मी अशी ओरडले की तो आठ दिवस बोलला नाही. नालीत ओतावं तर नाली खाम नदीला मिळते. पुरावं तर कुठं पुरावं? मी मावशीला माळ्यावरचं कुलूप दाखवलं. तिनं कुलूप ओढून बघितलं. तो डबा आज इतक्या वर्षांनीही माझ्याच घरात आहे, वर लाल रंगानं धोका लिहून. विकत आणायला मला अर्धा तास लागला होता. टाकायला जागा अजून सापडलेली नाही.

मावशीनं माझ्याशी अबोला धरला नाही. मी गुलमंडीवरून तिच्यासाठी इरकलचं लुगडं आणलं, ते तिनं नातीच्या बारशाला नेसलं. नातीचं नाव गोदा ठेवलं. दर रविवारी मी तिच्याबरोबर खुरपायला बसायला लागले, तेव्हा माझ्या खुरपं धरण्याला ती पोट धरून हसायची. म्हणायची, बाई, खडू धरल्यावानी नका धरू. माझे गुडघे धरायचे, तिचे नाही. लवाळ्याच्या गाठी खणायला मी तिच्याकडूनच शिकले. वीतभर खाली जायचं, मुळाची तार तुटू द्यायची नाही, शेवटची गाठ हाताला लागल्याशिवाय उठायचं नाही. दोन वर्षांत बाग पुन्हा उभी राहिली. तांदुळजा आला, घोळ आली, पाथरी आली.

पण कडूमावशीनं त्या बागेतली भाजी पुन्हा तोडली नाही. खुरपायची, निवडायची, ढीग वेगळे करायची, आणि संध्याकाळी लुगडं झटकून रिकामी घरी जायची. भाभींना खुल्फा लागला तर शहागंजच्या मंडईतून आणून द्यायची. मी दोन-तीनदा म्हणाले की मावशी, आता काही मारत नाही हो मी. ती म्हणायची, व्हय बाई, ठाऊक हाय मला. म्हणायची, आणि तोडायची नाही. चार दारांत थांबणंही बंद झालं. तिचं माझ्यावर प्रेम होतं, यात मला शंका नाही. फक्त माझ्या मातीवरचा तिचा भरवसा उडाला होता, आणि तो मागून मिळणारा नव्हता.

पुढं तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आणि ती सुमनकडं राहायला गेली. त्यानंतर एकदाच आली, भाभींच्या मुलाच्या लग्नाच्या जेवणाला. बरोबर गोदा होती, दुसरीत जाणारी, दोन वेण्या घातलेली. जेवणं झाली आणि आम्ही ओपन स्पेसवर जाऊन बसलो. मावशी आता उकिडवी बसू शकत नव्हती, तिनं पाय पसरले होते. गुलाबाच्या वाफ्याच्या कडेला कोवळा तांदुळजा वाढला होता. गोदानं तो ओळखला. वाकून हात घातला, आणि आजीनं बघितलं नसेलच, नुसता आवाज ऐकला असेल, पण म्हणाली, "थांब. बाईंना इचार आदी."

पोर उभी राहिली. माझ्याकडं बघून तिनं सरळ विचारलं, "बाई, याच्यावर काही मारलंय का?"

शाळेत हजारदा प्रश्न विचारलेली मी, एका सहा-सात वर्षांच्या पोरीपुढं उभी राहिले. म्हणाले, "नाही गं. त्या वर्षानंतर काही नाही."

गोदानं आजीकडं बघितलं. मावशीनं हात पुढं केला. पोरीनं एक शेंडा खुडून त्या हातावर ठेवला. मावशीनं तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला, आणि तोंडात टाकला. पुढचे दात पडले होते, त्यामुळं दाढेनं सावकाश चावत राहिली. गोदा थांबली होती. मीही थांबले होते. 

मग तिनं घास गिळला, पदर पुढं पसरला आणि गोदाला म्हणाली, "तोड."